मेडल छातीवर, कागदावर मात्र नाही : सार्जंट कार्टर यांची फाइल आणि आपल्या घरातली दप्तरं

शाळेत आमच्याकडे जनरल रजिस्टर नावाचं एक जाडजूड पुस्तक असतं. पोरगं पहिलीत आलं की त्याचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख त्यात एकदाच लिहिली जाते. मग पुढे पासपोर्ट असो, नोकरी असो की वारसाचा दाखला, सगळे त्याच ओळीपाशी परत येतात. कुणा कारकुनाने घाईत 'रुकैया'ची 'रुखिया' केलेली असते आणि चाळीस वर्षांनी ती बाई नातवाला घेऊन आमच्या टेबलासमोर उभी राहते. शाळा सोडल्यानंतरची दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, प्रतिज्ञापत्र, जुने पुरावे, चकरा. माणूस समोर उभा असतो, पण कागद म्हणतो की तो कुणी दुसराच आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे २०२५ सालातल्या दोन बातम्या. एक दूरची, एक आपल्याकडची.

दूरची बातमी अमेरिकेची. मार्च २०२५ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्या वेबसाइटवरून मेजर जनरल चार्ल्स कॅल्विन रॉजर्स यांच्यावरचं पान अचानक गायब झालं. हे रॉजर्स कृष्णवर्णीय अधिकारी. १ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएतनाममध्ये कंबोडियाच्या सीमेजवळ त्यांच्या तोफखान्याच्या तळावर हल्ला झाला, ते तीनदा जखमी झाले, तरी मोर्चा सोडला नाही. त्याबद्दल 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्यांना मिळालं. नव्या सरकारने विविधता आणि समावेशाशी संबंधित मजकूर काढून टाकायचा हुकूम दिला होता, त्या झाडलोटीत हे पानही गेलं. पानाच्या पत्त्यातही तसं सूचित करणारी अक्षरं घुसलेली लोकांना दिसली. ओरड झाली, पान परत आलं.

आपल्याकडची बातमी त्याच्याही आधीची, फेब्रुवारी २०२५ ची. उत्तर प्रदेशात गाजीपूर जिल्ह्यातलं धामूपूर हे परमवीर चक्र विजेते शहीद अब्दुल हमीद यांचं गाव. तिथल्या शाळेच्या दारावरचं त्यांचं नाव रंगरंगोटीत पुसलं गेलं आणि त्या जागी 'पीएम श्री' योजनेतलं नाव आलं. घरच्यांनी आवाज उठवला, बातम्या झाल्या, मग नाव पुन्हा लिहिण्यात आलं. पण त्या गडबडीत खात्याकडून जे सांगण्यात आलं ते आम्हाला मास्तर म्हणून जास्त लागलं. म्हणे दप्तरी नोंदीत शाळेला ते नाव कधी नव्हतंच. म्हणजे गाव म्हणत होतं, भिंत म्हणत होती, मुलं रोज वाचत होती, फक्त रजिस्टर म्हणत नव्हतं.

भिंतीवरचं नाव पुसलं तर दिसतं तरी. वेबसाइटवरचं पान गेलं तरी कुणाच्या तरी लक्षात येतं. पण सैनिकाच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जे लिहिलंच गेलं नाही, किंवा चुकीचं लिहिलं गेलं, ते कोण पाहणार? तिथे ओरडायला फक्त तो सैनिक असतो, आणि तो गेल्यावर त्याची बायको नाहीतर सून.

सुनेचं नाव आम्ही उगाच घेतलं नाही. एडवर्ड कार्टर नावाच्या सार्जंटची गोष्ट अशीच एका सुनेने तडीला नेली, आणि या माणसाचा आपल्या देशाशी धागाही आहे.

कार्टर १९१६ साली लॉस एंजेलिसला जन्मले. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी, आई कलकत्त्याची. त्यांच्या लहानपणी कुटुंब काही काळ कलकत्त्यात राहिलं, मग शांघायला गेलं. त्यामुळे पोरगा हिंदी शिकला, चिनी शिकला, पुढे जर्मनही. पंधरा वर्षांचा असताना घरातून पळून जाऊन जपान्यांशी लढायला चिनी फौजेत भरती झाला. वय कळल्यावर त्यांनी परत पाठवून दिलं. नंतर स्पेनमध्ये फ्रँकोच्या विरोधात लढायला गेलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांत हा होता. आणि १९४१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या सैन्यात.

एवढा अनुभव असलेला माणूस सैन्याने कुठे लावला? रसद पुरवण्याच्या कामावर. त्या काळी तिथल्या सैन्यात काळे आणि गोरे वेगळे होते आणि काळ्यांच्या हातात बहुतेक करून ट्रक आणि पोती दिली जात. युद्धाच्या शेवटी माणसं कमी पडायला लागली तेव्हा काळ्या सैनिकांना पायदळात यायची मुभा मिळाली, पण अट अशी की हुद्दा सोडायचा. कार्टर यांनी सार्जंटची पट्टी उतरवली आणि साधे शिपाई होऊन आघाडीवर गेले.

२३ मार्च १९४५. जर्मनीत श्पायर शहराजवळ ते ज्या रणगाड्यावर बसून चालले होते त्यावर एका गोदामाच्या बाजूने मारा झाला. कार्टर तीन जणांना घेऊन उघड्या मैदानातून तिकडे निघाले. त्यातले दोघे मारले गेले, तिसरा जखमी झाला. हे एकटे पुढे गेले. पाच गोळ्या लागल्या तेव्हा आडोसा धरून पडून राहिले. आठ जर्मन शिपाई त्यांना पकडायला आले, त्यातले सहा त्यांनी मारले आणि दोघांना पकडलं. त्या दोघांनाच ढाल करून मैदान ओलांडून परत आले. जर्मन येत असल्यामुळे कैद्यांकडून माहितीही मिळाली.

याबद्दल त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे दुसऱ्या क्रमांकाचं पदक मिळालं. पहिल्या क्रमांकाचं नाही. दुसऱ्या महायुद्धात चारशेहून जास्त जणांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं, त्या वेळच्या यादीत कृष्णवर्णीय एकही नव्हता. एकही नाही, हे योगायोग म्हणून पटतं का?

आता दुसरी फाइल. कार्टर लढत होते तेव्हाच सैन्याचं गुप्तहेर खातं त्यांच्यावर कागद जमवत होतं. चिनी बोलतो, स्पेनला गेला होता, म्हणजे कम्युनिस्ट असणार. युद्धानंतर सैनिकांच्या स्वागताच्या एका जेवणाला गेले, ते जेवण डाव्या तरुणांच्या संघटनेने ठेवलेलं, तेही लिहिलं गेलं. आरोप कधी समोर ठेवला नाही, चौकशीला बोलावलं नाही. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची मुदत संपली, ते पुन्हा भरती व्हायला गेले आणि दारातूनच परत पाठवण्यात आलं. कारण विचारलं तर उत्तर नाही. त्यांनी पत्रं लिहिली, वकिलांकडे गेले, काही झालं नाही. पुढे टायर दुरुस्तीच्या कारखान्यात काम केलं आणि १९६३ साली कॅन्सरने गेले. वय ४६.

त्यांच्या मुलांना हे सगळं अर्धवटच माहीत होतं. १९९० च्या दशकात सैन्याने नॉर्थ कॅरोलिनातल्या शॉ विद्यापीठाला अभ्यास करायला सांगितला की त्या यादीत एकही काळा माणूस का नाही. अभ्यासकांनी जुनी दप्तरं उपसली आणि काही जणांची पदकं वाढवावीत अशी शिफारस केली. मुदत कधीच संपलेली होती म्हणून कायदा बदलावा लागला. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात जणांना 'मेडल ऑफ ऑनर' दिलं. सातातले सहा हयात नव्हते, एकटे व्हर्नन बेकर स्वतः पदक घ्यायला उभे होते. कार्टर यांचं पदक त्यांच्या मुलाने घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा देह आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय कब्रस्तानात पुन्हा दफन झाला.

इथे बहुतेक बातम्या संपतात. फोटो झाला, पदक झालं, डोळे पुसले. पण कार्टर यांची सून ॲलीन यांना प्रश्न पडला की एवढ्या मोठ्या माणसाला १९४९ मध्ये दारातून का हाकललं? त्यांनी घरातल्या पेटीतली पत्रं काढली, माहितीच्या कायद्याखाली अर्ज केले आणि ती गुप्त फाइल बाहेर काढली. फाइलमध्ये संशयाखेरीज काही नव्हतं. युद्धवार्ताहर जोसेफ गॅलोवे यांनी १९९९ मध्ये त्यावर मोठा लेख लिहिला. क्लिंटन यांनी पत्र पाठवून माफी मागितली. १० नोव्हेंबर १९९९ रोजी लष्कराचे उपप्रमुख जनरल जॉन कीन यांनी कुटुंबाची जाहीर माफी मागितली, दुरुस्त केलेले कागद हातात दिले आणि सोबत हक्काची असून न मिळालेली तीन पदकं दिली. त्यातलं एक कोणतं? 'गुड कंडक्ट मेडल', म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं. सर्वोच्च शौर्यपदक आधी आलं, वर्तणुकीचं दोन वर्षांनी आलं. आम्हाला विचाराल तर त्या घराला हे दुसरं, कमी किमतीचं पदक जास्त हवं होतं. डाग त्याने निघाला.

आता ही दुरुस्ती तिथे होते कशी, हेही थोडं पाहू, कारण पद्धत समजल्याशिवाय तक्रार करून उपयोग नाही.

अमेरिकेत सैनिक बाहेर पडताना त्याला 'डीडी २१४' नावाचा कागद देतात. आपल्या डिस्चार्ज बुकासारखाच समजा. त्यात पदकांचा एक रकाना असतो. तो कुणीतरी कारकून निरोपाच्या दिवशी टाइप करतो. पदकाचा हुकूम त्यानंतर निघाला, किंवा युनिटच्या दप्तरातून पोहोचलाच नाही, तर रकाना कोरा. साधी चूक असेल तर हुकुमाची नक्कल जोडून अर्ज करायचा, मग 'डीडी २१५' हा दुरुस्तीचा कागद मिळतो. ते जमलं नाही तर लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे जायचं. ही मंडळं १९४६ च्या कायद्याने आली. त्याआधी एकेका शिपायाच्या नोंदीसाठी संसदेत वेगळं विधेयक मांडावं लागे! मंडळात नागरी अधिकारी बसतात, गणवेशातले नाही. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, पण न्यायासाठी गरज असेल तर मंडळ उशीर माफ करू शकतं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. काही पदकं तिथे हजर असल्याबद्दल मिळतात, अमुक मोहिमेत होतात, अमुक तारखेला होतात, बस्स. ती हक्काची, फक्त हजेरी सिद्ध करायची. शौर्याची पदकं वेगळी. त्यासाठी वरच्या अधिकाऱ्याची शिफारस लागते, साक्षीदार लागतात. ती शिफारस त्या वेळी लिहिलीच गेली नसेल तर मंडळ हवेतून पदक काढून देत नाही. आणि तिसराही एक प्रकार आहे, तो फार मजेशीर आहे. १९४७ साली अमेरिकी लष्कराने ठरवलं की दुसऱ्या महायुद्धात लढाऊ पायदळाचा बिल्ला मिळालेला प्रत्येक शिपाई 'ब्राँझ स्टार'ला पात्र आहे. फक्त अर्ज करायचा. हे किती जणांना कळलं असेल? घरी जाऊन शेतीला, दुकानाला लागलेली माणसं. कित्येक म्हाताऱ्यांच्या नातवंडांना हे कळेपर्यंत आजोबा गेलेले होते.

त्यात १२ जुलै १९७३ ची आग. सेंट लुईस शहराजवळ अमेरिकेचं सैनिकी दप्तर ठेवलेली इमारत होती, तिचा सहावा मजला जळाला. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या जवळपास ८० टक्के नोंदी. नकला नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, कुणाकुणाची फाइल होती याची यादीसुद्धा नव्हती. आजही त्या दप्तराचे कर्मचारी पगाराची पावती, युनिटच्या रोजच्या हजेरीचे कागद, दवाखान्याच्या नोंदी जोडून एकेक माणूस पुन्हा कागदावर उभा करतात. घरात पत्र्याच्या पेटीत कागद जपून ठेवलेल्यांचं लवकर झालं. ज्यांनी रद्दीत घातले त्यांचं राहिलं.

मंडळं एवढी कडक का, असं कुणाला वाटेल. त्यालाही कारण आहे. खोटी पदकं सांगणारेही कमी नाहीत. कॅलिफोर्नियात एका पाणीपुरवठा मंडळाच्या सदस्याने २००७ मध्ये सभेत ठोकून दिलं की मला 'मेडल ऑफ ऑनर' आहे. त्याच्यावर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, कारण नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा धरता येत नाही. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला : खोट्या पदकाच्या जोरावर पैसा किंवा फायदा उकळला तर गुन्हा. तेव्हा पुरावा मागणं हे अन्याय नाही. पुरावा ज्याच्या कपाटात आहे त्यानेच तो हरवायचा आणि वर शिपायाकडे मागायचा, हा अन्याय आहे.

आणि दुरुस्ती फक्त पदक वाढवण्याची नसते. १८९० साली वुंडेड नी इथे अमेरिकी फौजेने लकोटा जमातीच्या अडीचशेहून जास्त माणसांना मारलं, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. त्या दिवसाबद्दलही शिपायांना 'मेडल ऑफ ऑनर' दिली गेली. २०२४ मध्ये त्यांचा फेरविचार सुरू झाला, पण सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्री पीट हेगसेथ यांनी जाहीर केलं की ती पदकं राहतील. लुइझियानातल्या लष्करी तळाला २०२३ मध्ये पहिल्या महायुद्धातले वीर हेन्री जॉन्सन यांचं नाव दिलं होतं, तेही २०२५ मध्ये काढून 'फोर्ट पोल्क' हे जुनं नाव परत आणलं, फक्त आता ते दुसऱ्या एका पोल्क यांच्या नावाने आहे असं सांगितलं. या जॉन्सन यांच्या अंगावर २१ जखमा होत्या. फ्रान्सने त्यांना १९१८ मध्येच पदक दिलं. स्वतःच्या देशाच्या डिस्चार्जच्या कागदावर मात्र जखमांचा उल्लेख नव्हता. १९२९ मध्ये ते वारले. जखमी सैनिकाचं 'पर्पल हार्ट' पदक १९९६ मध्ये आलं, 'मेडल ऑफ ऑनर' २०१५ मध्ये. आठ वर्षांनी तळाला नाव मिळालं, आणखी दोन वर्षांनी गेलं.

आता आपल्या घरी येऊ.

अब्दुल हमीद यांचंच घ्या. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले हे पोरासोरांना माहीत आहे. पण परमवीर चक्राच्या सन्मानपत्रातले रणगाडे आणि नंतरच्या लेखकांनी मोजलेले रणगाडे यांचा आकडा जुळत नाही, नंतरचा आकडा बराच मोठा आहे. घाईत लिहिलेल्या कागदात सगळं मावत नाही. त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी २६ जानेवारी १९६६ ला पदक स्वीकारलं आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं त्या ती आठवण वागवत राहिल्या. अब्दुल हमीद यांच्याकडे निदान देशाचं लक्ष होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं काय?

आमच्या मोहल्ल्यात एक हवालदार चाचा आहेत. १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची मेडलं आहेत, त्यात 'पश्चिमी स्टार' आहे. गेल्या वर्षी पेन्शनचे कागद ऑनलाइन करायचे म्हणून त्यांनी डिस्चार्ज बुक आमच्याकडे आणलं. 'संग्राम मेडल' लिहिलेलं, 'पश्चिमी स्टार' नाही. त्याहून वाईट म्हणजे चाचीचं नाव. निकाहनाम्यात 'बेगम' लावलेलं, सैन्याच्या रेकॉर्डमध्ये 'बी', आणि आधार कार्डावर नवऱ्याच्या नावासकट तिसरंच. जन्मसालही वेगळं. उद्या काही बरंवाईट झालं तर कौटुंबिक पेन्शनसाठी चाचीला आधी हेच सिद्ध करावं लागेल की ती त्यांची बायको आहे.

आम्ही म्हटलं, चाचा, आधी चाचीचं नाव दुरुस्त करू, त्यात पोटापाण्याचा प्रश्न आहे. मेडलचं नंतर बघू, त्याला पैसे नाहीत. चाचा म्हणाले, "मास्तर, पैसे का छोड़ो. पर मैं वहाँ था, ये तो लिखना चाहिए ना?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही अर्ज एकत्रच करायचं ठरलं.

तुमच्या घरात कुणी फौजी असेल, किंवा मरहूम वालिद फौजी असतील, तर एक संध्याकाळ काढा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ समोर ठेवा. नाव, वडिलांचं नाव, पत्नीचं नाव, जन्मतारखा, मुलांची नावं, मेडलं, एकेक ओळ ताडून पाहा. आपल्या नावांची अडचण आपल्यालाच माहीत. उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येताना एका नावाची तीन नावं होतात, आणि 'बी', 'बेगम', 'खातून' हे आडनाव की नाव, हे कारकुनाला कळत नाही. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं भाषांतर नोटरी करून घ्या. चाचींच्या निकाहनाम्याचं भाषांतर आम्हीच केलं, अर्ध्या तासाचं काम होतं.

दुरुस्तीचा अर्ज जातो त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, सैन्य नंबर, हुद्दा, युनिट घालून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली मंडळी अर्ज लिहायला आणि पुढे पाठवायला मदत करतात, तिथे जायला लाजू नका. मेडल नोंदवायचं असेल तर त्या काळात युनिट कुठे होतं हे महत्त्वाचं, म्हणून जुनी पत्रं, रजेचे पास, फोटोच्या मागची तारीख, काही फेकू नका. आतली नोंद काय आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकाराखाली नक्कल मागा. खात्याकडून नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने झालेलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. तिथे आधी खात्याकडे दाद मागितल्याचं दाखवावं लागतं, आणि अंतिम उत्तर आल्यापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते. म्हणून उत्तराचं पाकीटसुद्धा जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

आणि हे सगळं माणूस जिवंत आहे तोवर करा. चाचांना युनिटचा कमांडर, सोबतचे जवान, गावाचं नाव, पाण्याची टाकी कुठे होती, सगळं तोंडपाठ आहे. त्यांच्या मुलाला रेजिमेंटचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही.

चाचांचे दोन्ही अर्ज रजिस्टर पोस्टाने गेले. पत्नीच्या नावाबद्दल आणखी एक प्रतिज्ञापत्र मागितलं आहे, ते या आठवड्यात तहसीलला होईल. मेडलच्या अर्जाची फक्त पोचपावती आली. ती चाचांनी बिस्किटाच्या डब्यात, मेडलाखाली घडी करून ठेवली आहे.